टॉवेल कुणाचा, खुर्ची कुणाची

"बाबू आलाय गो, ऐकलंस ना?" काकींनी गडग्यापलीकडून विचारलं, तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढत होते. ऐकलं नसतं तरच नवल. आदल्या रात्री उशिरा रिक्षा आली, वाडीतली कुत्री एकसुरात भुंकली, दोन मोठाल्या बॅगा उतरल्या, आणि सकाळी परदेशी साबणाचा वास त्यांच्या न्हाणीघरातून थेट आमच्या परसात आला.

"वाळून काटकी झालाय," काकी म्हणाल्या. पोरगा घरी आला की सगळ्याच आयांना तो वाळलेला दिसतो. चटईवरची सोलं उलटी करता करता त्या गडग्याजवळ सरकल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि काम काय करतो माहितेय? मला काल रात्री कळलं."

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. काकींनी आख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय की बाबू बोटीवर ऑफिसर आहे. सावंतवाडीच्या या अंगाला आणि बांद्यापलीकडे गोव्यात बोटीवर गेलेली माणसं काही कमी नाहीत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, आणि सीडीसी, मेडिकल, साइन ऑन, साइन ऑफ हे शब्द इथल्या पोराटोरांनाही पाठ असतात. त्यामुळे ऑफिसर कोण आणि ऑफिसर म्हणवून घेणारा कोण, हे लोकांना बरोबर कळतं. काकींच्या तोंडावर मात्र कुणी बोलत नाही.

"काय करतो?"

"टॉवेल उचलतो."

"कुणाचे?"

"लोकांचे! खुर्च्यांवरचे! आणि वर शिव्या खातो. याच्यासाठी मी त्याला हॉटेल मॅनेजमेंटला घातला?"

तेवढ्यात बाबूच चहाचा कप घेऊन पडवीत आला. "वहिनी, आई जे सगळीकडे सांगते ते मला माहितेय," तो हसत म्हणाला. "मी पूल डेक अटेंडंट आहे. ऑफिसरच्या गणवेशाला पट्ट्या असतात, माझ्या शर्टाला सनक्रीमचे डाग." कंपनीचं नाव त्याने सांगितलं, पण ते मी इथे लिहीत नाही. त्याला गणपतीनंतर परत जायचंय.

मग जे निघालं ते ऐकून माझे कपडे दोरीवर आणि काकींची सोलं चटईवर तशीच राहिली.

क्रूझच्या बोटीवर पोहायच्या तलावाभोवती लांबलचक खुर्च्या मांडलेल्या असतात. पाठ वरखाली होते, माणूस आडवा पडू शकतो. लाउंजर म्हणतात त्यांना. बोट बंदराला लागलेली असली की लोक गाव बघायला उतरतात आणि या खुर्च्या ओस पडतात. पण 'सी डे' असला, म्हणजे बोट दिवसभर नुसती समुद्रातून चाललेली असली, की सगळे प्रवासी बोटीवरच. त्या दिवशी पहाट फुटायच्या आत माणसं रात्रीच्याच कपड्यांत, हातात कॉफीचा मग घेऊन वर येतात. एका खुर्चीवर टॉवेल, दुसरीवर सपाता, तिसरीवर कादंबरी, चौथीवर सनक्रीमची अर्धी पिळलेली ट्यूब. टॉवेल वाऱ्याने उडू नये म्हणून त्याला लावायचे पोपटाच्या नि फ्लेमिंगोच्या आकाराचे मोठे चिमटे मिळतात, तेही घरून आणलेले. सगळं नीट लावून झालं की माणसं परत केबिनमध्ये जाऊन झोपतात.

"झोपतात?" काकींना हे पटेना. "मग खुर्ची कशाला?"

"अकराला येतात ना. नाश्ता करून, नटूनथटून. तोवर खुर्चीवर कादंबरी ऊन खाते."

बाबूने एक म्हातारी बाई सांगितली. तिची जागा ठरलेली. तलावाच्या पायऱ्यांसमोरच्या पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन. तिन्हींवर टॉवेल, मधल्या टॉवेलावर एक जाड पुस्तक उघडं करून पालथं ठेवलेलं. बाबूने एकदा जाता जाता पान बघून ठेवलं. आठवड्याच्या शेवटी पुस्तक त्याच पानावर होतं. बाजूच्या दोन खुर्च्या कुणासाठी, तर नवरा आणि मेहुणा. ते दोघे दिवसभर कॅसिनोत. बाई मात्र भली होती हो, तो म्हणाला, रोज त्याची चौकशी करायची, आई कशी आहे विचारायची.

"माझी चौकशी केली?" काकी एकदम मवाळ झाल्या. "मग असू दे तिला तीन खुर्च्या."

मी म्हटलं, काकी, असं कसं? मघाशी तर तुम्ही चिडला होतात.

"अगो, आपण काय वेगळं करतो? एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकत नाही आपण?"

हे मात्र मी मान्य केलं नाही. एसटीतल्या रुमालाला कायदा आहे. रुमाल टाकणारा गाडीच्या दाराशी धक्के खात उभा असतो, दोन मिनिटांत येऊन बसतो, आणि नाही आला तर कंडक्टर स्वतः रुमाल उचलून मागच्याला म्हणतो, बसा हो. रुमाल टाकून घरी जाऊन जेवून आलेला माणूस मी तरी कणकवली डेपोत पाहिलेला नाही. शिवाय रुमाल स्वतःचा असतो. बोटीवर खुर्चीही बोटीची आणि टॉवेलही बोटीचाच. तोसुद्धा कार्डावर नोंद करून दिलेला. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत तो परत नाही केला तर २५ डॉलर खात्यावर लागतात. म्हणजे दुसऱ्याच्या खुर्चीवर दुसऱ्याचंच फडकं टाकून मालकी सांगायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"नियम नाही काय रे काही?" काकींनी विचारलं.

नियम आहेत, आणि तेच तर बाबूचं काम. कार्निव्हल या मोठ्या अमेरिकन कंपनीत ४० मिनिटांचा नियम आहे. रिकामी खुर्ची दिसली की डेकवरचा माणूस वेळ लिहिलेली चिठ्ठी तिच्यावर चिकटवतो, ४० मिनिटांत कुणी फिरकलं नाही तर सामान उचलून बाजूला ठेवतो आणि खुर्ची मोकळी करतो. रॉयल कॅरिबियनमध्ये अर्ध्या तासाच्या पाट्या आहेत. कागदावर सगळं चोख आहे. कार्निव्हलचा जॉन हील्ड नावाचा एक बोलका अधिकारी आहे, फेसबुकवर लोकांच्या तक्रारींना उत्तरं देणं हेच त्याचं काम. या खुर्च्या अडवणाऱ्यांवर, इंग्रजीत त्यांना 'चेअर हॉग' म्हणतात, त्याने आजवर इतकं लिहिलंय की त्याच्या जागी दुसरा असता तर नोकरी सोडून शेती करायला गेला असता.

"मग अडतं कुठे?"

"अडतं माझ्याकडे," बाबू म्हणाला. "सामान उचलायचं तर मी उचलायचं. मालक आला की ओरडणार माझ्यावर. माझा चष्मा कुठाय, माझं पुस्तक कुठाय, माझ्या सामानाला हात लावायची हिंमत कशी झाली. आणि शेवटच्या दिवशी कंपनी त्यालाच ईमेल पाठवणार, आमचे कर्मचारी कसे वाटले, गुण द्या. ज्याला खुर्ची मिळाली तो माझं नाव लिहीत नाही. ज्याची गेली तो बरोबर लिहितो, बिल्ला वाचून, स्पेलिंगसकट."

इथे मला सगळा उलगडा झाला. नियम करतो तो वातानुकूलित ऑफिसात, आणि राबवतो तो रापलेला बाबू, ज्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्याच माणसांच्या शेऱ्यांवर ठरतं. म्हणून चिठ्ठ्या लागतात आणि चिठ्ठ्यांवरच थांबतात. सुपरवायझर समोर असला की बाबू कडक होतो, तो पलीकडे गेला की बाबूला दुसरीकडे ओले टॉवेल गोळा करायचं महत्त्वाचं काम आठवतं. मी त्याला दोष देणार नाही.

लोकही काही कमी नाहीत. काही कुटुंबांत पाळी लावलेली असते. दर अर्ध्या तासाने एक मूल वर धावत येतं, सपाता उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे सरकवतं आणि परत पळतं. खुर्ची वापरात आहे, हा पुरावा. एका गृहस्थाने तर स्वतःच्या खुर्चीवरची चिठ्ठी हळूच सोलून शेजारच्या खुर्चीला लावली. शेजारचा बिचारा तलावात होता. तो ओलाकंच वर आला तर त्याचं सामान टॉवेलच्या काउंटरवर आणि चिठ्ठी लावणारा त्याच्या खुर्चीवर पाय ठेवून आडवा.

"शिरा पडो त्याच्या तोंडार," काकी म्हणाल्या. एवढा वेळ त्या दोन्ही बाजूंनी बोलत होत्या, पण इथे त्यांनी बाजू घेतली.

माझं मत बाबूला विचित्र वाटलं, तरी मी सांगून टाकलं. माणसं हावरी असतात हे खरं, पण निम्मा दोष कंपन्यांचा आहे. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून निघालेली आयकॉन ऑफ द सीज ही बोट घ्या. वीस डेक, सात तलाव, आणि पुरेपूर भरली तर ७,६०० प्रवासी. आमच्या चारपाच वाड्या मिळून एवढी माणसं होत नाहीत. आता सी डेला यातल्या निम्म्यांनी जरी पाण्याकाठी पडायचं म्हटलं तर पहिली रांग कुणाकुणाला पुरणार? आणि उघडा डेक तरी उरलाय कुठे? कुठे घसरगुंड्या, कुठे दोरावरचे खेळ. २०१८ च्या नॉर्वेजियन ब्लिस बोटीवर तर गो-कार्टचा ट्रॅक आहे. समुद्रात जाऊन मोटार हाकायची!

आणि उरलेल्यातला चांगला तुकडा पैसेवाल्यांना. प्रिन्सेस कंपनीच्या बोटींवर 'सँक्च्युअरी' म्हणून एक शांत कोपरा असतो, वेगळे पैसे भरायचे, गादीची खुर्ची आणि सावली मिळते. नॉर्वेजियनच्या बोटींवर महागड्या केबिनवाल्यांसाठी 'हेवन', एमएससीवर 'यॉट क्लब', तिथे त्यांचा तलाव वेगळा, खुर्च्या वेगळ्या. तिथे कुणाला पहाटे उठावं लागत नाही. खाली भांडण जितकं पेटेल तितका वरचा पास खपणार. मग ते भांडण मिटवायची कंपनीला घाई का असेल?

"तसं नाही हो वहिनी," बाबू म्हणाला. "वरच्या डेकवर, मागे चिमणीकडे, खुर्च्या रिकाम्या पडलेल्या असतात. पण तिकडे कुणी जात नाही. सगळ्यांना पाणी समोर हवं, बार हाताशी हवा आणि सिनेमाचा पडदा दिसायला हवा."

हे मी मनात टिपून ठेवलं. मत बदललं नाही, पण निम्मा दोष तिसऱ्या हिश्श्यावर आणला.

जुन्या काळी हे बरं होतं म्हणतात. अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर डेकची खुर्ची भाड्याने मिळायची. टायटॅनिकवर आख्ख्या सफरीचं भाडं होतं ४ शिलिंग, म्हणजे १ डॉलर, आणि पायांवर घ्यायचं लोकरी पांघरूणही तेवढ्यालाच. डेक स्टुअर्ड खुर्चीला तुमच्या नावाचं कार्ड लावायचा. संपला विषय. खुर्ची तुमची, तुम्ही बसा नाहीतर केबिनमध्ये ओकत पडा. त्याआधी मुंबईला येणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवर तर साहेब लोक स्वतःची खुर्ची घरून आणायचे, पाठीवर नाव रंगवून. आणि ते उन्हासाठी नव्हे बरं का! डेकवर कापडी छत ताणलेलं असायचं आणि सगळी धडपड सावलीसाठी. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला की गाद्या वर आणून डेकवरच झोपायचे, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. ऊन अंगावर घेऊन तांबूस व्हायची हौस गोऱ्या माणसाला नंतर लागली. तोवर तांबूस कातडी म्हणजे शेतात राबणाऱ्याची खूण होती.

"टायटॅनिकच्या खुर्च्या बुडाल्या असतील सगळ्या," काकी म्हणाल्या.

सगळ्या नाही. त्या बोटीवरचा मुख्य बेकर चार्ल्स जॉकिन याने चौकशी समितीपुढे सांगितलं की बोट बुडत असताना त्याने पन्नासेक डेक-खुर्च्या पाण्यात फेकल्या, पाण्यात पडलेल्यांना धरायला काहीतरी मिळावं म्हणून. तो स्वतः वाचला. खुर्चीचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. काकींनी हात जोडले, आणि त्या माणसाने पाव भाजून झाल्यावर खुर्च्या फेकल्या की आधी, असंही विचारून घेतलं.

हे टॉवेलाचं युद्ध बोटीवर जन्मलेलं नाही. युरोपातल्या समुद्रकाठच्या हॉटेलांत ते आधीपासून आहे, आणि तिथे इंग्रज आणि जर्मन एकमेकांकडे बोट दाखवतात. १९९० च्या दशकात कार्लिंग बिअरची एक ब्रिटिश जाहिरात होती. सकाळी जर्मन मंडळी तलावाकडे निघालेली, आणि वरच्या गॅलरीतून इंग्रज गडी टॉवेलाची गुंडाळी फेकतो. ती पाण्यावरून टप्पे घेत जाऊन खुर्चीवर उलगडते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची धरणं फोडायला इंग्रजांनी पाण्यावर टप्पे घेणारे बॉम्ब टाकले होते, त्याची ती नक्कल. युद्ध संपून पन्नास वर्षं होत आली होती, तरी यांचं टॉवेलांवर चालूच.

जर्मन मात्र कोर्टात जातो. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर सहकुटुंब गेलेल्या एकाला खुर्चीच मिळेना, कारण सगळ्यांवर टॉवेल. हॉटेलात अर्ध्या तासाची पाटी होती, पण कुणी ती पाळत नव्हतं आणि कुणी पाळायलाही लावत नव्हतं. त्याने घरी परतून टूर कंपनीवर दावा लावला आणि २०२३ मध्ये हॅनोव्हरच्या न्यायालयाने त्याला ३२२ युरो देवविले.

"किती होतात?" काकींनी बाबूला विचारलं. त्याने सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. जमिनीच्या दाव्यात त्यांच्या सासऱ्यांची हयात गेली आणि हाती दोन कलमं आली. पलीकडे एका खुर्चीसाठी एवढे पैसे!

थॉमस कुक या जुन्या कंपनीने २०१८ मध्ये यावर तोडगा काढला होता. २२ पौंड भरा, काही ठराविक हॉटेलांत तुमची खुर्ची सुट्टीभर राखून. पुढच्या वर्षी १७८ वर्षांची ती कंपनीच बुडाली. कारणं वेगळी होती, खुर्च्यांचा संबंध नव्हता. पण काकींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी "बघ!" म्हटलं, आणि ते मी खोडून काढायच्या भानगडीत पडले नाही. ग्रीसमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे गावकरी टॉवेल घेऊन किनाऱ्यावर जमले आणि किनारा अडवणाऱ्या भाड्याच्या खुर्च्यांविरुद्ध त्यांनी निदर्शनं केली. म्हणजे तिथे टॉवेल गरिबाच्या बाजूने होता. असो.

आता खरी गोष्ट. ही मी सांगितली असं कुणाला सांगू नका.

आमच्या खालच्या वाडीतले भाऊ तुम्हाला ठाऊक नसतील, पण प्रत्येक वाडीत एक भाऊ असतो. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तर भाऊ त्याला सगळ्यांदेखत मागे पाठवणार. सातेरीच्या जत्रेत ओटी भरायला बायकांची रांग लावणार. लग्नात पंगतीला आपल्या मुलासाठी पान धरून बसलेल्या बाईला उठवून "ज्याने त्याने यावं नि बसावं" हे ऐकवणार. ते भाऊ दिवाळीत मुलगा, सून, नातवंडं यांच्याबरोबर सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीवर गेले होते. हे आमच्यापर्यंत कसं आलं? तर सुनेने माहेरी सांगितलं, माहेर बांद्याला, तिथून ते काकींच्या बहिणीकडे आलं, आणि काकींनी ते इतके दिवस पोटात ठेवलं होतं. काकींच्या पोटात एवढे दिवस काही राहू शकतं हीच मला बातमी.

आपली माणसं उन्हात कशाला लोळतील? भाऊंना हवी होती सावली. पहिल्याच सकाळी त्यांनी हेरून ठेवलं की छताखाली, पंख्याच्या झोताच्या बरोबर खाली, चार खुर्च्या आहेत. दुसऱ्या दिवशी सी डे. भाऊ नेहमीप्रमाणे पाचला उठले, आंघोळ, संध्या उरकली आणि चारही खुर्च्यांवर सामान ठेवून आले. एका खुर्चीवर त्यांचा पंचा, दुसरीवर सुनेची ओढणी, तिसरीवर नातवाची टोपी, आणि चौथीवर, सून शपथेवर सांगते, चिवड्याचा डबा.

मग सगळे केबिनमध्ये. नाश्ता झाला, नातवाचा शो झाला, आणि साडेदहाला भाऊ ऐटीत वर आले तर चारही खुर्च्यांवर एक परदेशी कुटुंब सावलीत गाढ झोपलेलं. पंचा नाही, ओढणी नाही, डबा नाही.

भाऊंनी डेकवरच्या पोराला धरलं. आधी हिंदीत, मग संतापून मराठीत. हा काय चोरबाजार आहे, मी वरपर्यंत जाईन, माझं वय बघा. त्या पोराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबानू, तो पंचो तुमचो काय?"

पोरगा वेंगुर्ल्याचा निघाला.

"मी दोन चिठ्ये लायलंय," तो म्हणाला, "पयली सात वाजता, दुसरी आठ वाजता. तुमी येवक् नाय. मगे उचललंय." आणि भाऊ काही बोलायच्या आत त्याने सामान कुठे मिळेल तेही सांगितलं. खाली रिसेप्शनला, हरवल्या-सापडल्याच्या खिडकीवर.

त्या खिडकीपुढे रांग होती.

काकी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. सून म्हणते की भाऊ त्या रांगेत एका शब्दाने बोलले नाहीत. एक बाई मधेच घुसली तरी बोलले नाहीत. पंचा मिळाला, ओढणी मिळाली, टोपी मिळाली. डबा मिळाला नाही. चिवडा बहुतेक खाण्याची वस्तू म्हणून गेला असावा. उघडं अन्न ते लोक ठेवत नाहीत. पण भाऊंचा आजही समज आहे की तो वेंगुर्लेकराने खाल्ला.

"खाल्ला असला तर बरंच झालं," बाबू म्हणाला. "बोटीवर नऊ महिने बटाटा खाऊन बघा, मग कळेल चिवडा दिसल्यावर काय होतं ते." काकी लगेच उठल्या, पोहे आहेत का बघायला. पण बाबू पुढचं सांगू लागल्यावर परत बसल्या.

त्याचा एक म्हापशाचा दोस्त कार्निव्हलच्या बोटीवर आहे. हाउसकीपिंगचे लोक केबिनमध्ये टॉवेलांची जनावरं करून ठेवतात ते तुम्ही फोटोत पाहिलं असेल. मोठ्या टॉवेलाच्या दोन्ही कडांच्या घट्ट सुरळ्या करून अंग नि पाय, छोट्या टॉवेलाच्या घडीतून सोंड आणि कान, वर कागदाचे डोळे. दोन मिनिटांत हत्ती उभा. शिकायला मात्र आठवडे लागतात आणि पहिले पंधरा हत्ती बसकेच होतात. तर त्या बोटींवर एक रिवाज आहे. सफरीतल्या एका सकाळी, लोक जागे व्हायच्या आत, कर्मचारी ही शेकडो जनावरं लिडो डेकवर नेऊन मांडतात. तलावाभोवतीच्या सगळ्या खुर्च्यांवर. हत्ती, माकडं, कुत्री, कासवं, बदकं. पहाटे टॉवेल घेऊन खुर्ची पकडायला येणारा माणूस वर येतो तर खुर्ची न् खुर्ची भरलेली.

"मग काय करतात लोक?"

"फोटो काढतात. पोरं हत्तींना मिठ्या मारतात. उचलून बाजूला ठेवायचा धीर मात्र पहिल्यांदा कुणाला होत नाही."

काकींनी जरा विचार केला. "मग त्या हत्तींना लावली काय रे कुणी, चाळीस मिनिटांची चिठ्ठी?"

"लावायला हवी होती," बाबू म्हणाला. "त्यांनी शिव्या तरी दिल्या नसत्या."